क्षय तपासणी, रविवार सकाळी दहा

'क्षय' हा शब्द माझाच. खापर दुसऱ्या कुणावर फोडायची सोय मी ठेवलेली नाही, कारण तोच शब्द वापरायचा असा हट्ट धरून मी बायकोच्या मोठ्या भावाशी फोनवर वीस मिनिटं वाद घातला होता.

हे माझे मेहुणे, घरात सगळ्यांचे दादा, नाचणगावला राहतात. नोकरीतून मोकळे झाल्यापासून विहाराच्या सभागृहात ते वाचनालय चालवतात, आणि महिन्यातून एका रविवारी तिथे कुणातरी शिकलेल्या माणसाला बोलायला उभं करतात. माती तपासणारे येऊन गेले, वकील येऊन गेले, बँकेतले एक साहेब येऊन पेंगून गेले. शेवटी घरातलाच माणूस उरला. "जवाईबापू," त्यांनी फोन करून सांगितलं, "तुम्ही नऊ वर्सं झाले काय करून राह्यले, ते एकदा आम्हाले सांगून द्या. लोक विचारतेत, मले सांगता येत नाई."

बायकोही तेच विचारायची, फक्त दादांइतक्या आदराने नाही.

तर मी काय करत होतो? मी वर्ध्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो, सिंदी मेघेत राहतो, आणि पेपर तपासणी, निवडणुकीची ड्युटी, सासरची लग्नं यांतून वेळ उरला की पीएच.डी. करत होतो. वेळ फारसा उरत नाही, म्हणून नऊ वर्षं. विद्यापीठाने दोनदा मुदत वाढवून दिली. तिसऱ्यांदा अर्जावर शिक्का मारताना तिथल्या बाबूने माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं, की ही शेवटची हे त्याला तोंडाने सांगावं लागलं नाही. ती मुदत नाचणगावच्या रविवारनंतर दोनच दिवसांनी, मंगळवारी संपत होती. मंगळवारी प्रबंध गेला नाही तर नऊ वर्षं नाल्यात. पण मला फिकीर नव्हती. प्रबंध छापून, बांधून तयार होता, आणि त्यात मी एका मॉडेलचा खून केला होता.

खुनाची हकीकत अशी. हिग्ज नावाचा एक कण आहे. तो सापडला, पेढे वाटून झाले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण आमच्या जमातीला एकटा हिग्ज पाहवत नाही. त्याला भाऊबंद असतील, कुटुंब मोठं असेल, असं गणित लोक मांडत बसतात, आणि अशा गणिताला विस्तारित हिग्ज मॉडेल म्हणतात. भाऊबंद फार वजनदार असतील तर यंत्रात दिसणार नाहीत. मग ते आहेत की नाहीत हे ओळखायचं कसं? तर सापडलेल्या हिग्जकडे बघून. तो जन्मतो आणि पापणी लवायच्या कितीतरी आधी मोडतो, म्हणजे त्याचा क्षय होतो, आणि त्यातून दुसरे कण बाहेर पडतात. कोणते कण किती वेळा बाहेर पडले ते मोजायचं. टाऊ आणि म्युऑन नावाचे इलेक्ट्रॉनचे दोन जाडजूड चुलते आहेत. एकट्या हिग्जमधून या दोघांची जोडी कधी निघत नाही. कुटुंब मोठं असेल तर क्वचित निघू शकते.

परदेशात जमिनीखाली ते प्रचंड यंत्र आहे, तिथे ही जोडी अजून दिसलेली नाही. म्हणजे हिग्जची या दोघांकडे ओढ असलीच तर ती ठरावीक मर्यादेपेक्षा कमी. आता मी ज्या मॉडेलवर काम करत होतो ते मुळात दुसऱ्याच एका कणाच्या क्षयातला घोळ मिटवण्यासाठी काढलेलं. तो घोळ मिटायचा तर हीच ओढ ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त हवी. एक मोजमाप म्हणतं इतकी तरी हवी, दुसरं म्हणतं इतक्याहून जास्त नको. मध्ये जागा उरली तर मॉडेल जिवंत, नाही उरली तर मेलं.

माझ्या हिशेबात जागा उरली नव्हती. जगातले शहाणे लोक म्हणत होते की थोडी उरते. मी म्हणत होतो, अजिबात नाही. माझ्या गाईड मॅडम, नागपूरच्या, कमी बोलणाऱ्या, आकृती बघून म्हणाल्या होत्या, "इतकं साफ मरतं का कुठे काही? पुन्हा तपासा." मी तीनदा तपासलं. तीनदा म्हणजे तोच कागद, त्याच डोळ्यांनी, तीन वेगवेगळ्या शर्टांत. मग प्रबंधाच्या शीर्षकात 'संपूर्ण बाद' हे शब्द सोनेरी अक्षरांत छापून घेतले, आणि संध्याकाळी चौकातल्या पानठेल्यावर उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याकडे मारेकऱ्याच्या नजरेने पाहू लागलो. कुणी ओळखलं नाही.

अशा मस्तीत दादांनी व्याख्यानाचं नाव विचारलं. मी सांगितलं, 'कणांच्या क्षयावरून हिग्जच्या मोठ्या कुटुंबाची तपासणी'. दादा म्हणाले, "क्षय नका म्हणू बापू. इंग्रजीतलं डीके म्हणा, नाहीतर मोडतोड म्हणा." इथे माझ्यातला भाषाभिमानी जागा झाला. शास्त्र आपल्या भाषेत आलंच पाहिजे, शब्दकोशात क्षय आहे, आपणच कचरलो तर पुढच्या पिढ्यांनी काय करायचं, वगैरे. वीस मिनिटं. दादांनी शेवटी एवढंच म्हटलं, "बरं. फळा लहान हाय, पाहतो."

रविवारी वर्ध्याहून पुलगावपर्यंत बस, तिथून दादांच्या गाडीवर मागे, मांडीवर लॅपटॉप. विहाराबाहेर चपलांचा ढीग पाहिला आणि माझी छाती फुगली. बँकेच्या साहेबांना अकरा माणसं आली होती, त्यांतले चार नातेवाईक. माझ्यासाठी सभागृह भरलं होतं. म्हातारे, लेकुरवाळ्या बाया, पाणी शेंदून थेट आलेल्या दिसणाऱ्या दोघीतिघी. बऱ्याच जणांच्या हातात झाकणाची एक छोटी प्लास्टिकची डबी होती. मला वाटलं, दादांनी चिवडा वाटला असेल.

खोकलेही बरेच होते. मी ते उत्सुकतेत धरले.

बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरींना नमस्कार करून मी सुरुवात केली. इतके लोक माझं इतकं लक्ष देऊन ऐकतात असा अनुभव मला कॉलेजात कधी आलेला नाही. मी म्हणालो, क्षय आतल्या आत होतो, तो डोळ्यांना दिसत नाही. माना हलल्या. म्हणालो, म्हणून जे बाहेर पडतं ते पकडायचं आणि तपासायचं. पहिल्या रांगेतले एक आजोबा शेजाऱ्याला म्हणाले, "सकाळचं लागते, पह्यलं." मी ते ऐकलं, पण शास्त्रज्ञाला सकाळचा डेटा प्रिय असतो असा काहीसा अर्थ लावून पुढे गेलो. म्हणालो, एकट्याकडे बघून भागत नाही, मोठं कुटुंब असेल तर त्याची खूण एकाच्या क्षयातही सापडते. यावर मागून एक बाई ठामपणे म्हणाल्या, घरातल्या सगळ्याईले तपासा लागते, आमच्याकडे तसंच झालं होतं. मला भरून आलं. नाचणगावात विस्तारित हिग्जचा अनुभव असलेली बाई.

मी दहा मिनिटं बोललो. प्रश्न असतील तर विचारा म्हणालो, आणि पहिल्या रांगेतल्या आजोबांनी डबी वर धरली.

"साहेब, हे आता कोनाजवळ द्याचं?"

डबीत चिवडा नव्हता.

बाहेरच्या फळ्याकडे मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. दादांचं अक्षर सुरेख आहे. मोठ्या अक्षरांत 'क्षय', खाली 'मोठ्या कुटुंबाची तपासणी', त्याखाली 'रविवार सकाळी दहा, सर्वांनी यावे'. हिग्ज कुठे गेला विचारलं तर दादा म्हणाले, त्यात 'ज' काढायचा की 'स' याची खात्री नव्हती, म्हणून गाळला.

इतक्यात दारातून एक बाई आल्या. गुलाबी साडी, खांद्याला पिशवी, पिशवीत जाडजूड रजिस्टर. या गावच्या आशाताई. आशा हे त्यांच्या कामाचं नाव. गावात घरोघरी फिरून औषधपाणी, बाळंतपणं, लसी बघणाऱ्या बाईला सगळे असंच म्हणतात. शनिवारी त्यांनी फळा वाचला आणि त्यांना वाटलं, वरच्यांनी नेहमीप्रमाणे कॅम्प ठरवला आणि आपल्याला सगळ्यांत शेवटी कळलं. मग रविवारच्या सकाळी उन्हं वर यायच्या आत घरोघर थुंकीच्या नमुन्याच्या डब्या वाटून आल्या होत्या.

दादांनी हात जोडून सगळा खुलासा केला. मी जमीन फाटायची वाट बघत उभा. आशाताईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "तुमी डॉक्टर नाई?"

"अजून नाही," मी म्हणालो.

हसू त्यांनी दाबलं. मग सभागृहाकडे वळून बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हिशेब झाला. त्या म्हणाल्या, वर्षभर दारोदार फिरते तेव्हा ज्याला खोकला तोच घरी सापडत नाही. आज सगळे एका छताखाली, पंख्याखाली, हातात डबी घेऊन बसले आहेत. "तुमच्या त्या कनाले जरा थांबवा, सर. माह्या मानसाईले जाऊ देत नाई मी."

पाच मिनिटांत माझं टेबल त्यांचं झालं. आरोग्य उपकेंद्रात फोन गेला, डब्यांवर चिठ्ठ्या चिकटू लागल्या. आणि शिकलेला माणूस रिकामा बसलेला पाहवेना म्हणून रजिस्टर माझ्यापुढे सरकवण्यात आलं. त्यांच्या घरभेटीच्या जुन्या वहीतून नावं उतरवायची आणि आलेल्याच्या पुढे खूण करायची. नऊ वर्षांत मला इतकं स्पष्ट काम कुणी दिलं नव्हतं. मी जीव ओतून लिहू लागलो.

एक पान भरलं असेल. आशाताई मागे येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे बाई तुमी दोनदा लिहिली."

मी म्हणालो, छे, बघा ना, वर आडनाव वेगळं, खाली वेगळं.

"राहीनच वेगळं. वरचं माहेरचं, खालचं सासरचं. माहेर बी इथलंच, सासर बी इथलंच. बाई एकच हाय."

समोर भिंतीला टेकून बसलेली ती बाई लेकराला थोपटत म्हणाली, "दोन्ही मीच व्हय."

मागे एकदा यावरून फार तमाशा झाला होता, असं आशाताई सांगू लागल्या. गोळ्या सासरच्या नावावर चालू होत्या, माहेरच्या नावापुढचा रकाना कोरा. वरून विचारणा आली की एक पेशंट उपचार सोडून पळाला, त्याला शोधा. आशाताई महिनाभर अशा बाईला शोधत होत्या जी रोज सकाळी त्यांच्याच समोर गोळी गिळत होती. "लिहनाऱ्यानं आधी पाहावं ना, वर नाव आलतं का म्हनून."

वर नाव आलं होतं का.

माझं पेन तिथेच थांबलं.

टाऊचा विद्युतभार धन आणि म्युऑनचा ऋण ही एक जोडी. टाऊ ऋण आणि म्युऑन धन ही दुसरी. मोजताना दोन्ही धरायच्या असतात, म्हणून मी माझ्या प्रोग्रॅममध्ये उत्तराला दोनने गुणलं होतं, आणि त्या ओळीशेजारी स्वतःचीच पाठ थोपटत टीप लिहिली होती, 'दोन्ही जोड्या धरल्या'. पण ज्या सूत्रातून ते उत्तर येत होतं त्या सूत्रात दोन्ही जोड्या आधीच धरलेल्या होत्या. नऊ वर्षांपूर्वी, कामाच्या पहिल्या हिवाळ्यात, मीच ते सूत्र तसं मांडलं होतं. नंतर विसरलो. जोडी निघायला हवी त्याच्या दुप्पट वेळा निघते असं माझं गणित म्हणत होतं. इतक्या वेळा निघाली असती तर यंत्रात दिसलीच असती, म्हणून ओढीची वरची मर्यादा मी खालीच दाबून ठेवली होती. मग मध्ये जागा उरणार कुठून?

मी हसायला लागलो. थांबता येईना. आशाताईंनी विचारलं, "काऊन हसून राह्यले, सर?" आणि आजोबांनी आपली डबी माझ्यापासून थोडी लांब सरकवली. मी लॅपटॉप उचलला आणि बाहेरच्या लिंबाखाली धावलो. पायात चपला घातल्या होत्या, पण डावी माझी नव्हती आणि उजवीही माझी नव्हती, आणि त्या दोघीही एकमेकींच्या नव्हत्या.

एक ओळ खोडायची होती. खोडली, प्रोग्रॅम चालू केला. त्याला वीसेक मिनिटं लागतात. तेवढ्यात डब्या देऊन मोकळे झालेले लोक माझ्याभोवती जमले. कुणीतरी विचारलं, रिपोर्ट यायचा आहे का? मी हो म्हणालो. सगळे गंभीर झाले. एकाने पाणी आणून दिलं.

पडद्यावर आकृती उमटू लागली. वरून काळा पट्टा, खालून काळा पट्टा, इतके दिवस एकमेकांवर चढून बसलेले. आणि या वेळी त्यांच्या मध्ये एक पांढरी रेघ. केसाएवढी नाही, चांगली मेथीच्या दाण्याएवढी.

"जिवंत आहे," मी म्हणालो.

गर्दीने सुस्कारा सोडला. एका आजीने विचारलं, कोण रे बाबा? मी म्हणालो, मॉडेल. आजींनी लुगड्याच्या पदराने डोळे टिपले आणि म्हणाल्या, "कोनाची पोरगी व्हय?"

आता खरी गोष्ट. दादांनी चहा आणला, आणि तो कप संपेपर्यंत मी एक बेइमान माणूस होतो. परवा मंगळवार. बांधलेला प्रबंध घरी, सोनेरी अक्षरांत 'संपूर्ण बाद'. तसाच देऊन टाकला तर? परीक्षक चारशे पानांतली ती एक ओळ बघणार थोडेच. मॅडमच्या नजरेतून सुटली तर इतरांचं काय. आणि खरं सांगितलं तर काय होणार? मॅडम म्हणणार सगळं पुन्हा तपासायला महिना लागेल, बाबू म्हणणार मुदत संपली, बायको काहीच म्हणणार नाही, ते सगळ्यांत वाईट. मारेकरी म्हणून डॉक्टर व्हायचं, की प्रामाणिक म्हणून पुन्हा नुसता 'सर'?

खिडकीतून आशाताई दिसत होत्या. त्यांनी मी लिहिलेलं पान फाडलं नव्हतं. त्या ओळीवर एक आडवी रेघ मारून शेजारी आपली सही करत होत्या. खाडाखोड दिसावी म्हणून.

मी फोन लावला.

"बोला," मॅडम म्हणाल्या.

"मॅडम, मॉडेल जिवंत आहे."

त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठे आहात?"

"नाचणगावला. क्षयाच्या कॅम्पात."

"तुम्हाला काय झालं?" हे त्यांनी इतक्या काळजीने विचारलं की मी गडबडून सगळं उलट क्रमाने सांगितलं. आधी आजींचं, मग चपलांचं, मग सासर-माहेर, आणि शेवटी दोनचा गुणाकार. मॅडमनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. सांगून झाल्यावर म्हणाल्या, सूत्र वाचा. मी वाचलं. पुढची ओळ वाचा. वाचली. अशा आम्ही लिंबाखाली एकोणीस ओळी वाचल्या, आणि त्यांनी प्रत्येक ओळीला हूं म्हटलं. त्या एका ओळीला हूं म्हटलं नाही.

"ही ओळ माझ्याही हातून सुटली," त्या म्हणाल्या. "तीन वेळा सुटली. बदलायचं ते एवढंच, दोन आकृत्या, एक प्रकरण आणि मुखपृष्ठ. उद्या सकाळी घेऊन या. महिना कशाला लागतो?"

महिन्याचं मी मोठ्याने बोललो होतो हे मला तेव्हा कळलं.

पुढच्या दोन दिवसांचं वर्णन करण्यासारखं काही नाही, फक्त बांधणीवाल्याचं सांगतो. त्याने जुनी मुखपृष्ठं पाहून विचारलं, काय सर, 'संपूर्ण बाद' काढून काय टाकायचं? मी सांगितलं, 'मर्यादित जागा शिल्लक'. तो म्हणाला, प्लॉटचा धंदा चांगला आहे, सिंदी मेघेत भाव फार वाढले. मंगळवारी खिडकी बंद व्हायच्या पाऊण तास आधी बाबूने प्रबंध घेतला, वजन करून पाहिल्यासारखा हातात तोलला आणि पोच दिली. नाचणगावच्या डब्यांतल्या दोघांचा निकाल नंतर क्षयाचा निघाला, त्यांच्या गोळ्या सुरू झाल्या, असं दादांनी कळवलं. दोघंही एकेकदाच लिहिलेले.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले. भले गृहस्थ, पण चारशे पानं वाचलेले. चूक कुणी विचारायच्या आत मीच सांगून टाकली, आशाताई आणि रजिस्टरसकट, आणि त्यांचे आभार कोणत्या पानावर मानले आहेत तेही दाखवलं. परीक्षक बराच वेळ ती पांढरी रेघ बघत बसले.

"म्हणजे नऊ वर्षांनी तुम्ही एवढंच सिद्ध केलं," ते म्हणाले, "की हे मॉडेल अजून मेलेलं नाही."

"हो सर."

"हे तर लोकांना आधीच माहीत होतं."

"त्यांना अंदाज होता सर," मी म्हणालो. "मी मारून बघितलं."

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या, आणि त्यांचे खांदे हलत होते. परीक्षकांनी खिसे चाचपले, त्यांचं पेन सापडेना. मी माझं दिलं. त्यांनी सही केली आणि बोलण्याच्या नादात पेन स्वतःच्या खिशाला लावलं. मी परत मागितलं नाही.